नळ ज्याच्या दारात, सवलत त्याच्या घरात

(नाशिकमधील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गोदावरीला नुसतं ‘गंगा’ म्हणणाऱ्या गावात पाण्यावर बोलायला उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच. पण २०१६ चा एप्रिल तुम्हाला आठवत असेल. रामकुंड कोरडं पडलं होतं आणि त्यात टँकरनं पाणी आणून ओतावं लागलं. तेव्हा जो तो म्हणत होता, पाण्याची किंमत आता कळली. मला आज बोलायचंय ते किंमत आणि दर यांतल्या फरकाबद्दल. दर बिलावर छापलेला असतो. किंमत कोण, कशी मोजतं, ते बिलावर कुठेच दिसत नाही.

शहराच्या कडेला एक वस्ती आहे, नाव सांगत नाही. तिथल्या एका मावशींनी मला त्यांची वही दाखवली. मुलीची जुनी गणिताची वही, मागच्या पानांवर पाण्याचा हिशोब. ‘जार २’, ‘जार १’, ‘ड्रम – उधार’. वीस लिटरचा जार वीस रुपयांना. म्हणजे हजार लिटरला हजार रुपये झाले! सगळं पाणी कुणी जारचं वापरत नाही, मान्य. धुण्याभांड्याला टँकरचं असतं, तो आला तर. पण इकडे आपल्या पक्क्या घरातल्या नळाला हजार लिटर पाणी दोन कप चहाच्या पैशांत येतं. त्यातून आपण गाड्या धुतो. मावशींच्या वहीत आणखी एक नोंद होती: ‘टँकर उशिरा, कामावर खाडा’. त्या दिवसाची मजुरी मी त्या हजारात धरलेलीच नाही.

पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की सभागृहात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: गोरगरिबांवर बोजा पडेल. हे बोलणाऱ्यांच्या मनात खोट असते असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या दारात नळच नाही, त्याला स्वस्त नळाचा फायदा कसा होणार? सवलत पाइपातून वाहते. जिथे पाइप संपतो तिथे सवलतही संपते. आणि दर इतके कमी की देखभालीचा खर्चही निघत नाही, मग नवी पाइपलाइन वस्तीपर्यंत जाते कधी? म्हणजे गरिबाच्या नावानं दर खाली ठेवायचे आणि त्याच पायी गरीब नळाबाहेर राहायचा.

यावर हुशार मंडळी म्हणतात, टप्प्यांचे दर लावा. थोडं वापरलं तर स्वस्त, जास्त वापरलं तर महाग. ऐकायला न्याय्य वाटतं. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्यात हे लावून बघा. समजा सहा बिऱ्हाडं आणि नळजोडणी एक. प्रत्येक घर महिन्याला आठ हजार लिटर वापरतं, म्हणजे अगदी बेताचं. मीटरवर आकडा येतो अठ्ठेचाळीस हजार, आणि सगळा वाडा सगळ्यात महागड्या टप्प्यात जाऊन बसतो. पलीकडे बंगल्यात दोघंच राहतात, वर एक बोअरवेल. ते पहिल्या टप्प्यात. मीटरला माणसं मोजता येत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याच अंगानं बोलका आहे. तिथल्या सरकारनं २००० च्या सुमारास ठरवलं, दर घराला महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत. हिशोब होता आठ माणसं, माणशी रोज पंचवीस लिटर. धोरण मोठ्या मनाचं होतं. पण जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतल्या फिरी भागात एकेका आवारात आठांपेक्षा कितीतरी जास्त माणसं राहत. आधी पैसे भरायचे मीटर बसवलेले; मोफत पाणी संपलं की नळ बंद. प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ साली निकाल रहिवाशांच्या विरोधात लागला. मोफत हा शब्दही हिशोबात चुकू शकतो, एवढंच मला त्यातून दाखवायचंय.

चिलीनं उलटा रस्ता धरला: दर सगळ्यांना पूर्ण, आणि गरीब कुटुंबाच्या बिलाचा ठरावीक वाटा सरकारनं भरायचा. चांगली युक्ती आहे. पण गरीब कोण ते शोधणारी यंत्रणा हवी, आणि आपल्याकडच्या दारिद्र्यरेषेच्या याद्या कशा होतात ते मी तुम्हाला काय सांगू!

मला सगळ्यात जास्त भावतं ते कंबोडियाच्या राजधानीचं, नोम पेन्हचं उदाहरण. १९९३ मध्ये तिथे शंभर लिटर पाणी सोडलं की बहात्तर लिटर गळतीत आणि चोरीत जायचं. एक सोन चान नावाच्या अधिकाऱ्यानं तिथून सुरुवात केली. मीटर बसवले, फुकट पाणी घेणाऱ्या बड्यांच्या जोडण्याही सोडल्या नाहीत, दर वाढवले. त्याच वेळी गरिबांना नळजोडणी हप्त्यानं आणि सवलतीत दिली. गळती पुढे सहा टक्क्यांच्या आसपास आली. गरिबाला अडवतो तो महिन्याचा दर नव्हे, जोडणीचा एकरकमी खर्च अडवतो. सवलत द्यायचीच तर तिथे द्या.

आता कुणी म्हणेल, हे परदेशातलं झालं. तर दिंडोरी तालुक्यात चला, वाघाड धरणावर. ओझर हे त्या कालव्याच्या टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं गाव. हेडचे, म्हणजे धरणाजवळच्या टोकाचे शेतकरी भरपूर पाणी घेत, टेलपर्यंत काही येतच नसे. पाणी मागायला सात नंबरचा अर्ज भरा, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागे फिरा, आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी कोरडीच. बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांनी १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेनं पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, सभासदांचा दर स्वतः ठरवायचा आणि वसुलीही स्वतः करायची. पुढे अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि २००५ मध्ये अशा संस्थांसाठी राज्यानं कायदाही केला. पाणीपट्टी म्हटलं की शेतकरी बुडवणार, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. पाणी वेळेवर आणि मोजून मिळतं म्हटल्यावर तोच शेतकरी पैसे भरतो.

आणि पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं. शेवटच्या शेताचं भिजल्यावर वरच्याचा नंबर. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं यात विशेष काही नाही, पण गावात हे ठरवायला किती बैठका घालाव्या लागतात, ते ज्यानं गावकी पाहिली आहे त्यालाच माहीत.

शहरात आपण हे कधी करून पाहिलं? नवी टाकी झाली की पहिलं पाणी कुठल्या भागाला सुटतं? इगतपुरीत पाऊस बदाबदा पडतो, तिथल्या वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात त्याच पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं हंडा भरतात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण काही आकाशातून पडलेली नाही. मुंबईनं त्या पाण्याचे पैसे भरावेत, जरूर भरावेत, आणि त्यातला काही भाग पाड्याच्या नळावर खर्च व्हावा. हा दर वाढला तर मी तरी ओरडणार नाही.

वेळ झाली असं संयोजक खुणावतायत. प्रश्न घेऊ. माइक पुढे नको, मागे न्या. त्या खांबाजवळच्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत. आज टेलपासून सुरू करू.