रिकाम्या कांडीची वर्दी

(दृश्य : मंगळवेढ्याचे ज्वारीचे रान, मे महिन्यातील दुपार)

शाळूची काढणी होऊन दोन-अडीच महिने उलटले आहेत. काळ्या जमिनीला मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत आणि पारा चाळिशीच्या वर गेला आहे. या भेगेतून चमचाभर माती घेऊन ती सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निर्जंतुक पाण्यात कालवली आणि परीक्षानळी 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटे धरली, तर वाढत्या अवस्थेतील बहुतेक सर्व जिवाणू एवढ्यात मरून जातात. तरीही तेच पाणी आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या, थाळीवर पसरल्यास दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढुरक्या, खडबडीत कडांच्या वसाहती उगवलेल्या दिसतात. त्यांतील बऱ्याचशा बॅसिलस हा मातीतला जिवाणू आणि त्याच्या भाऊबंदांच्या असतात. उष्णतेतून तगलेले असतात ते त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात निजलेले त्यांचे रूप.

बीजाणू हा मात्र शेवटचा उपाय आहे. त्याच्या कितीतरी आधी, अन्न आटू लागताच, पेशीत हालचाल सुरू झालेली असते. उपाशी जिवाणूची वाढ थांबते, यात नवल नाही. तेल संपले की दिवाही विझतो. नवल याचे, की जिवाणू तेल संपण्याची वाट पाहत नाही, तो आधीच वात खाली करतो.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारे ई. कोलाय)

भरपूर अन्न मिळाले, तर ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूची एक पेशी सुमारे 20 मिनिटांत दोन होते. एवढ्या वेगासाठी प्रथिने घडवणारी हजारो रायबोसोम लागतात, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशीत नव्याने तयार होणाऱ्या आरएनएपैकी निम्म्याहून अधिक वाटा रायबोसोमच्या उभारणीवरच खर्च होतो. प्रथिनांचा कच्चा माल म्हणजे अमिनो आम्ले. ती कमी पडू लागली, तर सर्वांत आधी याच खर्चाला कात्री लावली पाहिजे. पण माल संपत आल्याची वर्दी द्यायची कोणी?

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागाचा कारखाना, खडखडाट)

याचे उत्तर सोलापूरकराला समजावून सांगणे सोपे आहे. धोट्याच्या यंत्रमागावर आडव्या धाग्याला चाचपणारा एक बारीक काटा असतो. धोट्यातील कांडी संपली किंवा धागा तुटला, की काट्याला धागा लागत नाही आणि माग आपोआप थांबतो. गोदामात सुताचे किती गठ्ठे शिल्लक आहेत, याच्याशी काट्याला कर्तव्य नसते. विणकामाच्या ठिकाणी धागा आहे की नाही, एवढेच त्याला कळते. जिवाणूतही खबर नेमकी विणकामाच्या ठिकाणीच लागते. रायबोसोममध्ये एकेक अमिनो आम्ल वाहक आरएनएच्या पाठीवरून येते. टंचाई झाली, की वाहक रिकाम्या पाठीनेच येऊन जागेवर बसतो, रायबोसोम अडतो, आणि तेथे असलेले रेल-ए नावाचे विकर जागे होऊन पीपीजीपीपी नावाचा लहानसा रेणू भराभर तयार करू लागते.

हा रेणू 1969 साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना सापडला. अमिनो आम्लांवाचून ठेवलेल्या जिवाणूंतील घटक किरणोत्सारी फॉस्फरसच्या खुणेने वेगळे करताना त्यांना दोन अनोळखी ठिपके दिसले, आणि त्यांना ‘जादुई ठिपके’ हेच नाव पडले. ज्या उत्परिवर्तित जिवाणूंना उपासमारीतही आरएनएचे उत्पादन आवरता येत नव्हते, त्यांच्यात हे ठिपके उमटत नव्हते. शास्त्रीय नावांत इतके सरळ नाव क्वचितच भेटते.

ई. कोलायमध्ये हा रेणू थेट आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जनुकांची नक्कल उतरवणाऱ्या यंत्राला, जाऊन चिकटतो आणि डीकेएसए या प्रथिनाच्या साथीने त्याची पसंतीच बदलून टाकतो. रायबोसोमच्या जनुकांपाशी पॉलिमरेजची पकड मुळातच अल्पकाळ टिकते. ती आणखी निसटती होते आणि ती जनुके मंदावतात. उलट, अमिनो आम्ले घरीच तयार करणारी जनुके जोमाने चालू होतात. शिवाय पेशी आपल्याच रायबोसोममधील काही प्रथिने मोडून त्यांतील अमिनो आम्ले मोकळी करते. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारे खुली केली, ही कथा मंगळवेढ्याला सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की येथे कोठार फोडून त्याच्या विटाही वाटल्या जातात.

(दृश्य : पुन्हा आगरची थाळी)

आपल्या थाळीवरचा बॅसिलस हेच काम वेगळ्या वाटेने करतो. त्याचा पीपीजीपीपी पॉलिमरेजला हात लावत नाही, तर आरएनएचा एक कच्चा माल असलेल्या जीटीपी या रेणूचे उत्पादन रोखतो. रायबोसोमच्या आरएनएची नक्कल जीटीपीनेच सुरू होत असल्यामुळे ती आपोआप थंडावते. जीटीपी आणि ल्यूसीनसारखी काही अमिनो आम्ले या दोहोंचा अंदाज घेणारे कॉडवाय हे प्रथिनही डीएनएवरून सुटते आणि त्याने दाबून धरलेली शंभराहून अधिक जनुके मोकळी होतात.

तरीही उपासमार हटली नाही, तर बीजाणूचा निर्णय ज्याच्या हाती असतो त्या स्पो-झिरो-ए या प्रथिनावर फॉस्फेट चढत जाते. थोडे चढले, तर पेशी आधी इतर उपाय करून पाहते. शेजारच्या भावंडांना मारून त्यांच्यावर गुजराण करणे हाही त्यांतलाच एक. बरेच चढले, तरच बीजाणूची तयारी सुरू होते. पेशी एका टोकाशी विषम विभागते, मोठा भाग लहान भागाला पोटात घेतो, त्याच्यावर कवचे चढवतो आणि सात-आठ तासांनी स्वतः फुटून मरतो. एवढी किंमत असल्यामुळेच हा निर्णय इतका लांबवला जातो.

बीजाणू झोपेतही पहारा ठेवून असतो. त्याच्या आतल्या पटलावर बसलेल्या ग्राही प्रथिनांना ॲलानिन लागले, की काही मिनिटांत तो पाणी शोषून फुगतो आणि त्याचे कवच सुटू लागते. ॲलानिन हे स्वतः एक अमिनो आम्लच आहे.