‘यापूर्वी कधीच नाही’ लिहिण्याआधी : बडोद्याची ग्रंथालयं आणि उद्याचे पत्रकार

(दृश्य : विश्वामित्रीवरचा पूल. फोनवर टिपलेलं पुराचं चित्रण.)

ऑगस्ट २०२४. बडोद्याची विश्वामित्री नदी पात्र सोडून शहरात शिरली आणि तिच्यासोबत मगरीही वस्तीत आल्या. अशा वेळी बातमीत एक वाक्य हमखास येतं : असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं.

खरंच नव्हतं झालं? २०१९ च्या जुलैअखेरचा पाऊस बडोदेकरांना आठवतो. पण १९२७? त्या जुलैत गुजरातभर महापूर आला होता. वल्लभभाई पटेलांनी मदतकार्य उभं केलं, त्याची नोंद आहे. ते पाहिलेलं माणूस आज भेटणं कठीण. फोन गेल्या पंधरा-वीस वर्षांचं चटकन दाखवतो. त्याच्या मागे जायचं तर कागदांकडे वळावं लागतं. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांसाठी ग्रंथालयाचा खरा उपयोग मला तरी इथे दिसतो. परीक्षेच्या नोट्स काय, कुठेही मिळतात.

(दृश्य : महाराजा सयाजीराव विद्यापीठ, हंसा मेहता ग्रंथालय.)

विद्यापीठ १९४९ सालचं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. त्यांनी इंग्लंडमध्ये पत्रकारितेचं शिक्षण घेतलं होतं, हे इथल्या मुलांना सांगायलाच हवं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असं होतं. तिथे ‘सर्व माणसं’ यावं, असा आग्रह धरणाऱ्या त्याच या बाई. एका शब्दावर अडून बसणं, हे उत्तम उपसंपादकाचंच लक्षण.

आत आलात की पहिली अडचण अशी, की पत्रकारितेची पुस्तकं एका कपाटात नसतात. ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन लावलेल्या ग्रंथालयात वृत्तपत्रं आणि पत्रकारिता ०७० वर. समाज आणि माध्यमं यांचा अभ्यास ३०२.२३ वर, म्हणजे समाजशास्त्रात. चित्रपट ७९१.४३ वर, नाटकांच्या शेजारी. माध्यमविषयक कायदे आणखी वेगळीकडे, ३४० च्या रांगेत. ०७० ची एक फळी चाळून ‘इथे काही नाही’ म्हणत परत फिरणारी मुलं बरीच. त्यांनी आधी संगणकावरच्या सूचीत विषय टाकून बघावा, आणि मग कपाटापर्यंत जावं. तरीही, कपाटापाशी गेल्यावर शेजारचं पुस्तक हाती लागतं ते लागतंच. ती गंमत सूचीत नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा.)

डिजिटल भाग थोडक्यात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा हे भांडार देशभरच्या पीएच.डी. प्रबंधांचं आहे, आणि ते सगळ्यांना खुलं आहे. नदीवर, मगरींवर, शहराच्या पाणीव्यवस्थेवर कुणीतरी चार-पाच वर्षं घालवलेली असतात. बातमीदाराला तज्ज्ञ हवा असेल तर तो इथे सापडतो. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या मुलांना त्यातून वाचता येतात. हे दार मात्र संस्थेमार्फतच उघडतं. त्यामुळे पदवी हातात पडायच्या आत जे वाचायचं ते वाचून घ्या.

पण एक सांगू? शोधनिबंधांपेक्षा बातमीदाराच्या जास्त उपयोगाचे असतात ते कंटाळवाणे दिसणारे अहवाल. जनगणना. महालेखापरीक्षकांचे अहवाल. गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी. पहिल्या प्रेस कमिशनचा १९५४ चा अहवाल, ज्यात वृत्तपत्रांची मालकी आणि जाहिराती हे आजचेच प्रश्न भेटतात. अशा अहवालांत परिशिष्टं आधी बघायची. प्रस्तावना नंतर वाचली तरी चालते.

(दृश्य : मांडवी. गर्दी, रिक्षा. मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत.)

आता शहरात येऊ. विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधी बडोद्यात हे ग्रंथालय उभं होतं. बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन नावाच्या ग्रंथपालालाच इकडे बोलावून घेतलं. बॉर्डन इथे तीन वर्षं होते. त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत बसवली, माणसं तयार केली. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालेलं. शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काही नसेल तर तो शिकलेलं विसरेल, हा त्यामागचा रोकडा हिशेब. १९१२ मध्ये इथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघालं : इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांत.

(दृश्य : लोखंडी मांडण्या. काचेच्या जमिनीतून झिरपणारा उजेड.)

मांडण्या लोखंडाच्या, मजल्यांची जमीन जाड काचेची. आगीची भीती कमी, आणि वरच्या मजल्याचा उजेड खालपर्यंत उतरतो.

आपला पुराचा शोध इथे पुढे सरकतो. संस्थान दरवर्षी आपल्या कारभाराचा छापील अहवाल काढत असे. पाऊस, पिकं, रस्ते, तिजोरी, सगळं त्यात. १९२३ चं बडोदा संस्थानचं गॅझेटियरही, म्हणजे संस्थानची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आहे. काउंटरवर जाऊन नुसतं ‘पुराबद्दल काही आहे का’ विचारू नका. ‘१९२७-२८ चा प्रशासन अहवाल हवाय’ असं विचारा. मागणी जितकी नेमकी, तितकं ग्रंथपालाचं काम सोपं.

आपल्या मराठी घरांतल्या मुलांकडे इथे एक जास्तीची किल्ली आहे. दांडियाबाजारात आजी-आजोबांशी मराठी, दारावर भाजीवाल्याशी गुजराती, वर्गात इंग्रजी, असं तिन्ही बोलत वाढलेलं पोर बडोद्याचा इतिहास त्याच्या तिन्ही भाषांत वाचू शकतं. त्यातून मोडी शिकलं, तर संस्थानच्या जुन्या दप्तराचं दारही उघडतं. पत्रकारितेतही या शहराचा मराठीशी धागा आहेच. १८९३ मध्ये बडोद्यात नोकरीला आलेल्या अरविंद घोषांनी काँग्रेसवर सडकून टीका करणारी लेखमाला लिहिली, ती मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये. पत्र इंग्रजी-मराठी. संस्थानच्या चाकरीत असल्यामुळे लेखांवर त्यांचं नाव नव्हतं.

(दृश्य : बांधीव वृत्तपत्रांचा खंड. पिवळी पानं.)

वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला चिवट घटक, हवा आणि उजेड लागून पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, घडीवर कागद तुटतो. म्हणून असे खंड झेरॉक्सवर उलटे दाबायचे नाहीत. परवानगी घेऊन फोनने फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. बातमीच्या आधी पानाचा वरचा भाग टिपा : वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक. नुसतं कात्रण घरी नेलंत तर संपादक विचारेल, हे कुठलं, कधीचं?

आणि १९२७ च्या आकड्यांशी २०२४ चे आकडे ताडताना आणखी एक बघा. पाणी कुठल्या पुलापाशी मोजलं, आणि मोजमाप नदीच्या तळापासून होतं की समुद्रसपाटीपासून. दोन्ही नोंदींत ते एकच निघालं, तरच तुलना छापा.