घरच्या तरणतलावाचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

लोणावळा, कर्जत, अलिबाग, नाशिकचा परिसर किंवा गोव्यातली पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरे, अशा ठिकाणी आवारात लहानसा तरणतलाव असणे आता फारसे नवलाचे राहिलेले नाही. तलाव बांधणारा कंत्राटदार पंप आणि वाळूचा फिल्टर कसा चालवायचा ते दाखवतो, क्लोरीनच्या गोळ्यांचा एक डबा ठेवून जातो आणि पुढे ते पाणी सांभाळण्याचे काम मालकावर, बहुतेक वेळा तर बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसावर येऊन पडते. आजचे बोलणे या दोघांसाठी आहे. पाण्यात क्लोरीन किती आहे हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, किती आहे आणि त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे रसायन, किती साठला आहे हे त्याच्या शेजारी मांडले, तरच त्या आकड्याला अर्थ येतो, हे मला आज सांगायचे आहे.

हे शिकायचे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, कारण पाणी तर निळे आणि नितळ दिसते. पण नितळपणा ही फिल्टरची कामगिरी असते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि तळ स्पष्ट दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात. केरळात २०२४ साली नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने मुले दगावली, ती बातमी आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो; योग्य प्रमाणातले क्लोरीन सतत राखलेल्या तलावात त्याचा टिकाव लागत नाही. ज्या पाण्यात आपली मुले बुड्या मारणार आहेत, त्या पाण्याची परीक्षा नुसत्या नजरेने होत नाही, ती मोजूनच करावी लागते.

मोजण्याआधी तलावात पाणी किती आहे हे माहीत हवे, आणि आश्चर्य वाटेल, पण अनेक मालकांना ते सांगता येत नाही. समजा, तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. तिन्हींचा गुणाकार ३८.४ घनमीटर, म्हणजे ३८,४०० लिटर. एक पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम, हजार लिटरला एक ग्रॅम. तेव्हा या तलावातले क्लोरीन एक पीपीएमने वाढवण्यासाठी सुमारे ३८ ग्रॅम क्लोरीन लागेल, आणि ते दहा टक्के शक्तीच्या ताज्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, ज्याला बाजारात लिक्विड क्लोरीन म्हणतात त्याच्या, सुमारे ३८५ मिलिलिटरमधून मिळेल. पंपघराच्या भिंतीवर हा हिशेब रंगाने लिहून ठेवावा. अंदाजाने ओतलेला अर्धा कॅन आणि मापून घातलेले चारशे मिलिलिटर यांत पैशांचा फरक तर आहेच, पण पोहणाऱ्यांच्या डोळ्यांचा आणि त्वचेचाही आहे.

आता क्लोरीन पाण्यात गेल्यावर काय होते ते पाहू. पाण्यात त्याची दोन रूपे एकमेकांशी समतोल साधून असतात : एक हायपोक्लोरस आम्ल आणि दुसरे हायपोक्लोराइट आयन. जंतू मारण्याचे काम मुख्यतः पहिले रूप करते; दुसरे त्या मानाने फार दुबळे आहे. कोणते रूप किती असेल हे सामू ठरवतो. ज्यात स्टॅबिलायझर नाही अशा पाण्याचा सामू ७.५ असेल, तर जवळजवळ निम्मे क्लोरीन कामाच्या रूपात असते. सामू ८ झाला की हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येते आणि ८.५ ला दहा टक्क्यांच्याही खाली जाते. चाचणीत दोन्ही वेळा क्लोरीन दोन पीपीएमच दिसेल, पण एका पाण्यात ते कामावर असेल आणि दुसऱ्यात बहुतांशी बसून राहिलेले असेल. सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवा असे सांगतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. तो फार खाली गेला तर पाणी धातूचे भाग आणि फरशांच्या सांध्यांतले सिमेंट खाऊ लागते, म्हणून खालचीही मर्यादा पाळायची.

दुसरा शेजारी आकडा स्टॅबिलायझरचा, म्हणजे सायन्युरिक आम्लाचा. इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण घरगुती तलावांचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते आणि ते होताना कोणाला दिसत नाही. उन्हातली अतिनील किरणे क्लोरीन नष्ट करतात. एप्रिलच्या दुपारी उघड्या तलावात स्टॅबिलायझर नसेल, तर सकाळी घातलेल्या क्लोरीनपैकी बहुतेक दोनतीन तासांत संपते. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला स्वतःशी सैलसे बांधून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि मोकळे क्लोरीन खर्च होईल तसे थोडे थोडे सोडत राहते. त्याचे प्रमाण ३० ते ५० पीपीएम असणे सोयीचे. परंतु ते वाढत गेले, की क्लोरीन इतके बांधले जाते की जंतू आणि शेवाळ मारण्याचा त्याचा वेग मंदावतो.

ते वाढते कशाने? कंत्राटदाराने ठेवलेल्या त्या डब्यातल्या गोळ्यांनी. या गोळ्या बहुधा ट्रायक्लोरच्या असतात आणि त्यांच्यातून मिळणाऱ्या प्रत्येक एक पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते. क्लोरीन वापरले जाते, उडून जाते; सायन्युरिक आम्ल मात्र तिथेच राहते. रोज दोन पीपीएम क्लोरीन लागत असेल, तर महिन्याला स्टॅबिलायझर सुमारे ३६ पीपीएमने वाढतो. ऑक्टोबरात नव्या पाण्याने सुरुवात केली आणि फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये, म्हणजे तो उलट्या प्रवाहाने धुताना, जाणारे थोडे पाणी हिशेबात धरले नाही, तर जानेवारीच्या अखेरीस तो १४० च्या घरात पोहोचतो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढते, चाचणीत क्लोरीन भरपूर दिसते, तरी भिंती बुळबुळीत होतात आणि पाण्यावर हिरवी झाक येते. गोळ्या चांगल्या नाहीत असा समज करून घेऊन मालक आणखी गोळ्या टाकतो, आणि अडचण आणखी घट्ट होते. यावर व्यवहारातला उपाय एकच, पाण्याचा काही भाग काढून टाकून नवे पाणी भरायचे. आणि ज्या प्रदेशात मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते तिथे असे पाणी काढून टाकणे मनाला लागते. म्हणून माझे मत असे, की स्टॅबिलायझर एकदा मोजून ४० पर्यंत आणावा, पुढे रोजच्या कामाला लिक्विड क्लोरीन वापरावे आणि गोळ्या घर काही दिवस बंद राहणार असेल तेवढ्यापुरत्या ठेवाव्यात. लिक्विड क्लोरीन उष्णतेने कमजोर होते, तेव्हा ते पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्महिने साठवू नये, थोडे थोडे आणून सावलीत ठेवावे.

चाचणीसाठी मिळणारे स्वस्त संच तपासून घ्यावेत. ज्यात थेंब टाकल्यावर नमुना पिवळा होतो, ती ऑर्थोटोलिडिनची चाचणी केवळ एकूण क्लोरीन दाखवते. मोकळे क्लोरीन किती आणि घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी बांधले गेलेले किती, हे ती वेगळे करून दाखवू शकत नाही. त्यासाठी डीपीडी चाचणी हवी, जिच्यात नमुना गुलाबी होतो. तिच्याविषयी एक सावधगिरी सांगून ठेवतो : क्लोरीन फार जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडून जातो आणि नमुना पांढरा दिसतो, जणू क्लोरीन नाहीच. शंका आली तर नमुन्यात क्लोरीन नसलेले शुद्ध पाणी मिसळून पुन्हा पाहावे. स्टॅबिलायझरच्या चाचणीत पाणी गढूळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचे असते. ही महिन्यातून एकदा पुरे. क्लोरीन आणि सामू मात्र तलाव वापरात असताना रोज पाहावेत. नमुना पृष्ठभागावरून घेऊ नये. कोपरापर्यंत हात बुडवून, पाणी आत येण्याच्या तोंडापासून दूर घ्यावा. आणि आकडा तारखेसह वहीत उतरवावा, कारण आज सामू ७.८ आहे याहून तो चार दिवसांपूर्वी ७.४ होता ही माहिती अधिक उपयोगाची असते.

तलावाला येणाऱ्या उग्र वासाविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. तो वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन जास्त झाले. खरे तर तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी यांच्याशी झगडताना क्लोरीन बांधले गेले की ही संयुगे तयार होतात, आणि डोळे चुरचुरतात तेही बहुधा त्यांच्यामुळे. म्हणजे वास येणारा तलाव अनेकदा क्लोरीनला भुकेलेला असतो. बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट मोकळे क्लोरीन एका वेळी दिले तर ही संयुगे मोडतात. हे काम संध्याकाळी, पोहणे बंद ठेवून करावे. पाण्यात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ केली तर ही वेळ क्वचितच येते. डोक्याला खोबरेल तेल लावून तलावात उतरणे हे क्लोरीनच्याही आणि फिल्टरमधल्या वाळूच्याही मुळावर येते. पाहुण्यांना हे सांगायला यजमानाने संकोच करू नये.

आता आपल्या भागातल्या पाण्याकडे वळू. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, चांगलीच जास्त असते. अशा पाण्याचा सामू सतत वर चढतो, आणि तलावाला धबधबा किंवा कारंजे असेल तर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून तो अधिकच लवकर चढतो. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल नेमाने लागते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात, आपण पुन्हा बोअरचेच पाणी भरतो, आणि मेपर्यंत टाइल्सवर पाण्याच्या रेघेत पांढरा थर बसतो. ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरल्यास त्यात आणखी कॅल्शियमची भर पडते, म्हणून जड पाण्यात त्या टाळाव्यात. पाणी थर सोडणार की सिमेंट खाणार, हे सामू, तापमान, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांवरून आधीच ठरवता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली त्यासाठी मांडलेला निर्देशांक आजही वापरला जातो. घरगुती तलावाला अल्कलिनिटी ८० ते १२० आणि कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम ठेवला, तर सहसा फारशी चिंता उरत नाही.

घाटावर आणि कोकणात पावसाळ्यात सगळे चित्र पालटते. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे १.२ मीटर खोलीच्या उघड्या तलावात त्याच्या खोलीच्या तिप्पटीहून अधिक पाणी आकाशातून पडते आणि तेवढेच बाहेर वाहून जाते. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जवळजवळ नसतात. गणपतीच्या सुमारास मोजले तर स्टॅबिलायझर, कॅल्शियम, अल्कलिनिटी सगळेच तळाला गेलेले आढळते. साठलेला स्टॅबिलायझर फुकट धुतला जातो, हा यातला मोठाच लाभ, आणि ज्यांचा आकडा १०० च्या वर गेला आहे त्यांनी जूनची वाट पाहणे शहाणपणाचे. पण तेच मऊ पाणी पुढे फरशांच्या सांध्यांतला चुना ओढू लागते. तेव्हा पाऊस ओसरला की आधी खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी वर आणावी. आपल्या ३८,४०० लिटरच्या तलावात ती दहा पीपीएमने वाढवायला सुमारे ६५० ग्रॅम सोडा लागतो. त्यानंतर गरजेप्रमाणे कॅल्शियम क्लोराइड आणि शेवटी स्टॅबिलायझर घालावा. शेवाळावर मोरचूद टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्यातले तांबे पाण्यातून निघत नाही, भिंतींवर डाग पाडते, म्हणून मी ते सुचवणार नाही.

शेवटी रसायने हाताळण्याविषयी बोलतो. इथे मी विनंतीचा नव्हे, आग्रहाचाच शब्द वापरीन. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. एकाच मापाने दोन्ही काढले तरी आग किंवा स्फोट होऊ शकतो. आम्ल आणि लिक्विड क्लोरीन मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ती दोन्ही वेगवेगळ्या जागी, उंचीवर नव्हे तर जमिनीवर, नावे लिहून ठेवावीत, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत तर कधीच ओतू नयेत. आम्ल विरळ करताना बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात आम्ल सोडावे. उलट कधी करू नये. पंप चालू असताना ते खोल बाजूला हळूहळू ओतावे, आणि त्यानंतर क्लोरीन घालायचे झाल्यास मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. हे काम करणारा माणूस बहुतेक घरांत पगारी असतो. त्याला रबरी हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा देणे आणि यातली कारणे त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. वायूचा तिखट वास आला तर काही वाचवायला आत न थांबता लगेच बाहेर पडून वारा जिकडून येतो त्या बाजूला, मोकळ्या हवेत जावे. रसायन डोळ्यांत गेले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि तसेच दवाखाना गाठावा, जाताना त्या रसायनाचा डबा किंवा त्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर घ्यावे.

नमस्कार.