ॲव्हरेज पॅकेज बघून कॉलेज निवडताय? थांबा, आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! ॲडमिशनचे दिवस आले की कॉलेजांच्या जाहिरातीत दोन आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसतात, ॲव्हरेज पॅकेज आणि प्लेसमेंटची टक्केवारी. आज तेच दोन जरा नीट बघूया.

समजा वर्गात 10 जण आहेत, 9 जणांना वर्षाचा पगार 4 लाख आणि एकाला 44 लाख. बेरीज 80, भागिले 10, ॲव्हरेज आलं 8. आता मला सांगा, त्या वर्गात 8 मिळाले कोणाला? एकालाही नाही! म्हणून मीडियन विचारायचा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो, आणि इथे तो 4 आहे, छापलेल्याच्या बरोबर निम्मा.

टक्केवारीचंही तेच. 200 जण पास झाले, प्लेसमेंटला नाव नोंदवलं 100 जणांनी, नोकरी लागली 90 जणांना, की जाहिरातीत येऊ शकतं 90 टक्के. पण 200 पैकी धरलं तर 45 टक्केच! बाकीचे काही पुढे शिकायला गेले असतील, काही मार्कांच्या अटीत अडकले असतील, ते विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून सरळ विचारा, हे टक्के किती जणांपैकी काढलेत?

आणि फक्त कॉलेजला विचारून थांबू नका. लिंक्डइनवर कॉलेजच्या पेजवर माजी विद्यार्थी वर्षाप्रमाणे शोधता येतात. दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेले शोधा, टॉपर नकोत, मधले बघा, आणि विचारा की पहिली नोकरी कशी लागली, दिवसभर नेमकं काम काय असतं, त्यातलं कोर्समध्ये शिकवलं किती. सगळे उत्तर देणार नाहीत, पण जे देतात ना ते मनापासून देतात.

ही तोंडओळख पुढे खरंच कामाला येते बरं का. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच हे मांडलं होतं, की जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नोकरीची नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. 2022 मध्ये सुमारे 2 कोटी लिंक्डइन युजर्सवरचा अभ्यास छापून आला, त्यातही नोकरी बदलायला अशा मध्यम लांबच्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या.

म्हणून ॲडमिशन झाली की त्या लोकांना कळवा, कुठला कोर्स घेतला ते सांगा. आणि शेवटचं वर्ष लागलं की त्यांनाच मेसेज टाका, तुमच्याकडे फ्रेशर घेतायत का, घेत असतील तर माझा रिझ्युमे एकदा बघाल का.