मिठाची वाटी आणि जॅकेटची पेटी

नमस्कार श्रोतेहो.

बोटीतल्या ओलीवर रेडिओवर बोलायचंय, असं सांगितल्यावर आमच्या घरात हशा पिकला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा सोलापूर जिल्हा आपला, इथं ओल कुठून आणणार? पण करमाळा-माढ्याकडचे श्रोते हसणार नाहीत. उजनी धरण भरलं की 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी. त्यावर मासेमारीच्या होड्या, पैलतीराला माणसं नेणाऱ्या बोटी, थंडीत रोहित पक्षी दाखवणाऱ्या फायबरच्या बोटी. या बोटींची डागडुजी हे माझं काम.

दुरुस्तीला बोट आली की मी आधी इंजिन बघत नाही. लाइफ जॅकेटची पेटी उघडतो. पावसाळाभर बंद असलेल्या त्या पेटीतून जो कुबट वास येतो, तो एकदा नाकात बसला की जेवताना पण आठवतो. जॅकेटवर काळे ठिपके, पट्ट्यांवर पांढरी लव. असलं जॅकेट पाहुण्याच्या हातात दिलं तर तो नाक मुरडतो, घडी घालतो आणि त्यावर बसतो. मे 2024 मध्ये याच उजनीत कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. त्या दिवशी काय चुकलं हे सांगणारा मी कोण? पण तेव्हापासून वासामुळं बाजूला पडलेलं जॅकेट दिसलं की मला राहवत नाही.

मालक म्हणतात, "बोट गळत असणार." गळत असेल तर तळात पाणी दिसतंच, ते उपसावं, भेग बुजवावी. पण न गळणाऱ्या बोटीतही बुरशी येते. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. 30 अंशाच्या एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम पाणी मावतं, 20 अंशाला 17च. म्हणून दिवसभर तापलेली केबिन रात्री निवली की आतून छताला, काचेला घाम फुटतो. अर्थात हे पाणी चमचाभरच. खरं पाणी आपण हातानं आत ठेवतो! ओलं जाळं, भिजलेला दोर, ताडपत्री, अंगावरून काढलेलं जॅकेट, सगळं पेटीत कोंबायचं आणि वर झाकण दाबून बसवायचं.

कापडगिरणीत काम केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओली चादर गठ्ठ्यात बांधली की काय होतं, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं असतं. ओली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली तर बुरशीला सहसा जम बसत नाही. आणि बुरशी जॅकेटचं नायलॉन खात नाही, त्यावरचा घाम, मळ, तेल खाते. म्हणून जॅकेट आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग वाळवायचं. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. आपली सवय प्रत्येक गोष्टीला ऊन दाखवायची, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगायला नको. पण रोजच्या कडक उन्हानं जॅकेटचं कापड आणि शिवण विरते. बाकाच्या गाद्या मात्र खुशाल उन्हात टाका.

आता, बोट उघडी कधी ठेवायची? फेब्रुवारी ते मे दुपारची हवा इतकी कोरडी असते की झाकणं उघडी ठेवली तरी निम्मं काम झालं. पावसाळ्यात पहाटे उघडाल तर बाहेरचीच ओल आत घ्याल. त्या दिवसांत उघडीप बघून अकरा-बाराला उघडावी, दिवस कलायच्या आत लावावी. मोजायला यंत्र कशाला? वाटीत मीठ ठेवा. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटतं, आणि त्याच सुमारास बुरशीलाही बळ येतं. मीठ पाझरलं, की पेटीतलं सामान बाहेर.

काही जण पेटीत डांबरगोळ्या टाकतात. त्या कसरीला पळवतील, ओल शोषणार नाहीत, उलट दोन वास एकत्र होतील. कळीचा चुना ओल शोषतो खरा, पण तळातलं पाणी लागलं तर उकळतो, भाजतो. तो बोटीत नकोच. ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत साठणारं पाणी खारट असतं आणि धातू खातं, म्हणून इंजिनाजवळ टांगू नयेत.

बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशनं घासू नका, तिची धूळ सगळ्या बोटीत पसरते. नाकाला फडकं बांधून ओल्या कापडानं पुसा. ब्लीच आणि व्हिनेगर कधी एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. आणि प्लायवूड ओलं असताना वरून फायबर किंवा रंग चढवू नका. एका मालकाच्या घाईपायी मी ते केलंय. बाहेरून आरशासारखं चकचकीत, आणि दोन पावसाळ्यांनी पाय दिला तर फळी बिस्किटासारखी मोडली. ओल आत कोंडून मीच तिला कुजवली होती. ते काम नंतर फुकट करून दिलं.

आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पेटीला मी खालच्या अंगाला चार भोकं पाडतो, वर दोन, आणि तळाशी फळ्यांची जाळी बसवतो. मालक कुरकुरतात, नव्या पेटीला भोकं कशाला म्हणून. पाडून झाल्यावर मी त्यांना फक्त जॅकेट हुंगायला सांगतो, दिवाळीनंतर.