वेग सोडून दिलेला वेगवान गोलंदाज

श्रोतेहो, नमस्कार.

९२ कसोटी सामने, ३११ बळी, सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) ३२.९४. हे आकडे झहीर खानचे. नुसतं आकड्यांवर जायचं तर यात डोळे दिपावेत असं फारसं काही नाही. कपिल देवची सरासरी तिशीच्या आत आहे, ग्लेन मॅकग्राची तर बावीसच्याही आत. तरी झहीरच्या हातात जुना चेंडू असताना ज्यांनी सामना पाहिला असेल, त्यांना या सरासरीत तो माणूस सापडत नाही. का सापडत नाही, ते आज सांगायचं आहे. त्याचं कारण असं की झहीर खान नावाचे दोन गोलंदाज होऊन गेले. आकडेवारीनं दोघांचा हिशेब एकाच खात्यात मांडला.

पहिला झहीर आला तो श्रीरामपूरहून. जन्म ७ ऑक्टोबर १९७८. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हे गाव ऊस आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. वेगवान गोलंदाज घडवणारी टर्फची खेळपट्टी अशा ठिकाणी कुठून असणार? अभ्यासात बरा असलेला मुलगा, इंजिनिअरिंगची वाट समोर होती. वडिलांनी ती सोडून त्याला मुंबईत क्रिकेटसाठी आणलं. त्या काळातल्या मध्यमवर्गीय बापानं असा निर्णय घ्यावा, याचं मला त्याच्या कुठल्याही यॉर्करपेक्षा जास्त नवल वाटतं.

मुंबईत तो नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्याकडे गेला. १९७०-७१ च्या मोसमात मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार ते हेच नाईक. त्यांना पोराच्या डाव्या हातातला वेग दिसला. पुढे चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, वेगवान गोलंदाज घडवणारी संस्था; तिथे शिकवायला टी. ए. शेखर आणि डेनिस लिली. पण मुंबईच्या रणजी संघाचं दार काही उघडेना, तेव्हा झहीर बडोद्याकडून खेळला. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यानं रेल्वेला २१ धावांनी हरवलं, त्यात झहीरचे आठ बळी होते. मुंबईनं हातचा घालवलेला खेळाडू! आपल्या मुंबई क्रिकेटवाल्यांना हे वाक्य अजूनही बोचतं, बोचू द्या.

तोवर तो भारताकडून खेळूही लागला होता. ऑक्टोबर २०००, नैरोबीतली आयसीसी नॉकआउट स्पर्धा. फिक्सिंगच्या प्रकरणानं भारतीय क्रिकेट पार काळवंडलेलं, सौरव गांगुली नवा कर्णधार, आणि एकाच सामन्यात दोन पोरं पदार्पण करतात, युवराज सिंग आणि झहीर खान. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. त्या दिवशी झहीर बावीस वर्षांचा झाला. त्यानं स्टीव्ह वॉला टाकलेला यॉर्कर ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना आजही आठवतो. डावखुरा, उंच उडी मारून चेंडू सोडणारा, पायाच्या बोटांवर यॉर्कर आदळणारा. असा गोलंदाज भारताकडे त्याआधी कधी होता, हे आठवून सांगायला वेळ लागेल.

हा झहीर नंबर एक. तीन वर्षं त्याचं सगळं छान चाललं. २००३ च्या विश्वचषकात त्यानं १८ बळी घेतले, श्रीनाथ आणि नेहराबरोबर त्यानं भारताला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. आणि मग जोहान्सबर्गची ती अंतिम सामन्याची सकाळ, समोर ऑस्ट्रेलिया. पहिलंच षटक. नो-बॉल, वाइड, मॅथ्यू हेडनशी डोळ्याला डोळा, आणि षटक संपलं तेव्हा १५ धावा फलकावर. सात षटकांत ६७, बळी एकही नाही. ऑस्ट्रेलियानं ३५९ केल्या. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त बोलण्यात अर्थ नाही. अंगात जोर होता, डोकं जागेवर नव्हतं, एवढंच.

खरी पडझड नंतर झाली, आणि ती हळूहळू झाली. त्या वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेनला त्यानं पाच बळी घेतले आणि पाठोपाठ मांडीचा स्नायू दुखावला. मग एक दुखापत बरी होते तोवर दुसरी. वेग कमी झाला. इरफान पठाण आला, आर. पी. सिंग आला, श्रीशांत आला. २००६ मध्ये झहीर संघाबाहेर होता. वेगवान गोलंदाज अचानक मुबलक झालेले, तेव्हा त्याची कुणाला फार उणीवही भासत नव्हती.

त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. माझ्या मते या कारकिर्दीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच, आणि तो भारतात फारसा कुणी पाहिला नाही.

काउंटीत काय असतं? आठवड्यामागून आठवडा चार-चार दिवसांचे सामने. प्रेक्षक थोडके. हवा दमट, हातात ड्यूक्सचा चेंडू, त्याची शिवण ठसठशीत. रोज वीस षटकं टाकायची आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. अशा वेळी गोलंदाज आपोआप हिशेबी होतो. अंगातली कुठली हालचाल लागते आणि कुठली नुसती खर्च आहे, हे त्याला कळतं. झहीरनं रनअप आखूड केला. चेंडू सोडण्याआधीची ती मोठी उडी, जिच्यावर आपण सगळे फिदा होतो, ती त्यानं कमी केली. वेग थोडा गेला. त्याच्या बदल्यात मनगट सरळ राहू लागलं, शिवण ताठ पडू लागली, आणि दिवसाच्या शेवटच्या सत्रातही चेंडू पाहिजे तिथे टप्पा घेऊ लागला.

मोसमाच्या अखेरीस त्याच्या नावावर ७८ बळी होते. चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध एकाच डावात नऊ. दहावाही झाला असता, पण यष्टीमागे झेल सुटला. परत आला, मुंबईकडून रणजी खेळला, आणि बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात नऊ बळी घेऊन करंडक मिळवून दिला. मुंबईनं घालवलेला खेळाडू मुंबईनंच परत मिळवला, हेही सांगितलं पाहिजे.

आता दुसऱ्या झहीरची गोलंदाजी म्हणजे नेमकं काय, ते जरा सावकाश ऐका. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे चेंडू टाकणारा हात यष्टींच्या बाजूला ठेवून आला, की त्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून तिरका बाहेर जातो. फलंदाज ती रेषा गृहीत धरतो. त्याच रेषेवरून एखादा चेंडू आत वळला, की पायचीत किंवा त्रिफळा. इतपत सगळेच डावखुरे करतात. झहीर डावऱ्या फलंदाजांना राउंड द विकेट, म्हणजे यष्टींच्या दुसऱ्या बाजूनं जायचा. तिथून कोन असा पडतो, की चेंडू खेळावा की सोडावा हे फलंदाजाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. ग्रॅएम स्मिथ हा केवढा खंबीर माणूस, पण झहीरसमोर त्याचे पाय हलेनासे व्हायचे. हेडन, जयसूर्या, संगकारा, सगळे डावरे, आणि सगळे त्याला पुन्हा पुन्हा बळी पडलेले.

दुसरी करामत जुन्या चेंडूची. चेंडू एका बाजूनं खरखरीत झाला, दुसरी बाजू चकचकीत राखली, की तो रिव्हर्स स्विंग होतो, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला हवेत वळतो. पण हुशार फलंदाज गोलंदाजाच्या हातातली चकाकी कुठल्या बाजूला आहे ते बघतो आणि चेंडू कुठे वळणार ते आधीच ओळखतो. झहीर धावत येताना दुसऱ्या हातानं चेंडू झाकून घ्यायचा. पत्ते खेळताना आपण पानं छातीशी धरतो, तसं. फलंदाजाला चकाकी दिसायची ती चेंडू सुटल्यावर, तोवर उशीर झालेला. इंग्लंडच्या जेम्स अँडरसननं हे झहीरचं बघून उचलल्याचं स्वतः सांगितलं आहे. कसोटीत सातशेहून अधिक बळी घेणाऱ्या माणसानं श्रीरामपूरच्या गड्याची नक्कल करावी, यात मला तरी भारी मजा वाटते.

२००७ च्या नॉटिंगहॅम कसोटीत हे सगळं एकत्र दिसलं. पहिल्या डावात चार बळी. मग तो फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकलेल्या! त्यानं एक बाजूला केली, पुन्हा दुसरी. झहीर खवळला, बॅट रोखून केव्हिन पीटरसनकडे गेला. पीटरसन म्हणाला, मी नाही टाकली. कुणी का टाकेना, दुसऱ्या डावात इंग्लंडला त्याची किंमत मोजावी लागली. मायकल वॉन शतक करून खेळत होता, तो बाद झाला आणि डाव उलगडत गेला. झहीरचे पाच बळी, सामन्यात नऊ. भारतानं ती मालिका १-० अशी जिंकली. जोहान्सबर्गला रागानं त्याचा घात केला होता. इथे राग तेवढाच होता, पण चेंडू टप्प्यावर पडत होता.

मग २०११. त्या विश्वचषकात त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीइतकेच, सर्वांत जास्त. बंगळुरूला इंग्लंड ३३९ चा पाठलाग करताना २ बाद २८१ वर आरामात होतं. लोक स्टेडियममधून निघायच्या बेतात. झहीरनं बेल आणि स्ट्राउस यांना लागोपाठच्या चेंडूंवर घालवलं, थोड्याच वेळात कॉलिंगवूडला. सामना टाय झाला. चेन्नईत वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ ८१ वर खेळत होता, त्याला नकल बॉल टाकला. बोटं दुमडून, पेरांच्या आधारानं चेंडू धरायचा आणि हात मात्र नेहमीच्याच जोरानं फिरवायचा. चेंडू रखडत येतो आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो. स्मिथचा त्रिफळा उडाला आणि विंडीजचा डाव कोसळला.

२ एप्रिलला वानखेडेवर अंतिम सामना. ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी; क्लबमध्ये झहीरला पहिल्यांदा उभं करणाऱ्या त्याच सुधीर नाईकांनी. पहिल्या पाच षटकांत झहीरनं तीन निर्धाव टाकली, सहा धावा दिल्या आणि थरंगाला सेहवागच्या हाती झेल द्यायला लावला. हा आकडा सगळे सांगतात. पुढच्या पाच षटकांत त्यानं ५४ धावा दिल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. शेवटी शेवटी त्याला चांगलाच मार पडला. धोनी, गंभीर यांनी सामना जिंकून दिला म्हणून ते झाकलं गेलं.

त्याच्या शरीराबद्दलही खरं बोलायला हवं. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी, दोन बळी घेऊन झाल्यावर, मांडी धरून तो मैदानाबाहेर गेला आणि भारत ती मालिका ४-० हरला. तेव्हा त्याच्या वजनावर, तंदुरुस्तीवर टीका झाली, आणि ती अगदीच अन्यायाची नव्हती. पण त्या दौऱ्यात एक गोष्ट उघडी पडली: भारताची सगळी गोलंदाजी एका माणसाच्या डोक्यावर चालत होती. मिड-ऑफला उभा राहून तरुण गोलंदाजाला पुढचा चेंडू कुठला, हे सांगणाराही तोच होता. तो गेल्यावर सांगणारं कुणी उरलं नाही.

शेवटची कसोटी वेलिंग्टनला, फेब्रुवारी २०१४. ब्रेंडन मॅक्युलमनं ३०२ केल्या, न्यूझीलंडकडून पहिलं त्रिशतक. खेळपट्टी मरगळलेली, भारतीय खेळाडू दोन दिवस क्षेत्ररक्षण करून थकलेले. झहीर पस्तीस वर्षांचा. त्या डावात त्यानं ५१ षटकं टाकली, १७० धावांत पाच बळी घेतले, आणि मॅक्युलमला अखेर त्यानंच धोनीकडे झेल द्यायला लावून बाद केलं. पुढच्या मोसमात पुनरागमनाचा सराव सुरू केला, पण ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. त्यानं दिलेलं कारण कामगाराच्या भाषेतलं होतं: दिवसाला अठरा षटकं टाकण्याचा भार आता खांदा सोसणार नाही.