शेरा : निरंक

नमस्कार श्रोतेहो. राम राम मंडई.

महसुली कागदांत एक शब्द भेटतो, बेचिराख. गावाच्या नावापुढं कंसात लिहिलेला असतो. बे-चिराग, म्हणजे जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही असं गाव. गावाला शीव आहे, गट नंबर आहेत, नकाशा आहे, पण घर एकही नाही. आपल्या खानदेशात अशी गावं जागोजाग सापडतात. पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४चा दुष्काळ यांनी हा मुलूख पार उसवून टाकला होता. १८१८मध्ये कॅप्टन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट होऊन इकडं आला, तेव्हा उजाड गावांचाच मुलूख त्याच्या वाट्याला आला. पुढं काही गावं पुन्हा वसली, काही वसलीच नाहीत. त्यांची जमीन शेजारच्या गावानं कसायला घेतली आणि नाव तेवढं कागदावर राहिलं.

मी आयुष्यभर मोजणीचं काम केलं. आधी साखळी आणि फळी घेऊन, पुढं ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन आलं, निवृत्त व्हायच्या सुमारास उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर आला. त्यामुळं मला हा शब्द रोजच्या ओळखीचा. आणि एक गोष्टही रोजच्या ओळखीची. रस्ता असो, कालवा असो की रेल्वे, आखणी करणारा माणूस शक्यतो वस्ती टाळून 'मोकळ्या' जागेतून रेघ ओढतो. त्यात त्याचं चुकत नाही, कारण घरं पाडायची तर खर्च वाढतो, भांडणं वाढतात. पण आपल्याकडं मोकळी दिसणारी जागा बरेचदा मोकळी नसते. ती कुणाची तरी पांढरी असते.

काळी आणि पांढरी, हे शब्द जुन्या माणसांना सांगायला नकोत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पडल्या, त्यावर पुन्हा उभ्या राहिल्या. चुलीची राख, गुरांचं शेण, हाडं, खापरं सगळं तिथंच जिरलं आणि माती राखाडी-पांढरी झाली. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक तीच माती आणायचे. शेताला खत म्हणूनही गाड्याच्या गाड्या भरून नेल्या जायच्या. पांढरीची झीज अशी जुनीच आहे. फरक एवढाच, की बैलगाडीनं शंभर वर्षांत जेवढं नेलं तेवढं पोकलेन आठवड्यात नेतो. भरावाला माती लागते, आणि उंचवटा दिसला की कंत्राटदाराला तो आयताच सापडतो.

त्या उंचवट्यात काय असतं? शहाद्याजवळ तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. दक्षिण काशी म्हणून आपण तिथं जातो, केदारेश्वराचं दर्शन घेतो. त्याच गावच्या पांढरीत १९५४-५५मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ, आणि समोरच्या काठावर टेकवाडा. एका काठाला वस्ती, दुसऱ्या काठाला पुरलेली माणसं. तापीकाठचं सावळदा तर असं, की तिथं मिळालेल्या रंगीत खापरांमुळं एका अख्ख्या संस्कृतीलाच 'सावळदा संस्कृती' हे नाव पडलं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही मंडळी आपल्या मडक्यांवर बाण रंगवत होती. त्यांचंच दुसरं गाव साक्री तालुक्यात कवठ्याला मिळालं. ही नावं आज पुस्तकांत आहेत, कारण कुणीतरी तिथं जाऊन खाली वाकून बघितलं. ज्या पांढरीकडं कुणी बघितलं नाही ती आज कोणत्या रस्त्याखाली भराव होऊन पडलीय, कुणी सांगावं?

आता माझं स्वतःचं सांगतो. बाहेरवळणाच्या एका रस्त्याची संयुक्त मोजणी होती. वैशाखातलं ऊन. बांधावर एक लिंब, आणि लिंबाखाली कमरेएवढा दगड, शेंदरानं माखलेला. वीरगळ होता तो. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि गुरं, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेला कुणी गडी असणार. पोळ्याला गावचे बैल आधी त्याच्यापुढं उभे करायचे, मग गावात न्यायचे.

जमीनमालक म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणत. माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. मी एकेक रकाना भरत होतो. लिंब एक, घेर अमुक. विहीर एक, दगडी बांधकाम. पाईपलाईन इतके फूट. आबा म्हणाला, "साहेब, हाऊ दगड बी लिखी ल्या."

मी म्हटलं, "आबा, त्याचे पैसे मिळत नाहीत."

"पैसा नही मांगी ऱ्हायनू मी," तो म्हणाला. "लिखाले सांगी ऱ्हायनू."

पंचनाम्याच्या तक्त्यात दगडाला रकाना नव्हता. पण शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो, तो होता. मी त्यात माझ्या हातानं लिहिलं, निरंक. म्हणजे नोंदवण्यासारखं काही नाही. उन्हाचा कंटाळा आला होता, दुसरं कारण सांगायला माझ्याकडं नाही.

दोनेक वर्षांनी त्या रस्त्यानं जाणं झालं. लिंब नव्हता. लिंबाचे पैसे आबाला मिळाले होते. दगड मोरीच्या बाजूच्या भिंतीत, पिचिंगमध्ये, इतर दगडांबरोबर बसवलेला होता. मशीनवाला परमुलखातला पोरगा, त्याला काय ठाऊक? त्याच्या हातातल्या नकाशात तो दगड नव्हताच. नकाशात तो यायला हवा होता माझ्याकडून.

श्रोतेहो, आपल्याकडं वारसा म्हटलं की पाटी लागलेल्या वास्तू डोळ्यांपुढं येतात. बळसाण्याची मंदिरं, तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेवचं मंदिर, पितळखोऱ्याची लेणी. ती केंद्राच्या यादीत आहेत. १९५८चा कायदा आणि त्यातली २०१०ची दुरुस्ती त्यांच्या पाठीशी आहे. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला मनाई, पुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते. राज्याचा १९६०चा वेगळा कायदा आहे. या वास्तूंची हेळसांड होत नाही असं नाही, पण त्यांच्यावर कुणी सहजासहजी पोकलेन घालत नाही. मरण आहे ते यादीबाहेरच्यांचं. वीरगळ, कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात कोरलेले सतीचे दगड, बारवा, पांढरी, गढीचे बुरूज.

आणि एखादा दगड काय सांगून जातो ते पाटण्यात बघा. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या डोंगराच्या कुशीत, एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेला आणला. शके ११२८चा. लीलावतीच्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचं अध्ययन चालावं म्हणून तिथं मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, अशी त्यात हकिकत. भास्कराचार्यांची वंशावळ त्या दगडानं सांगितली. शेवटच्या ओळी तर मराठीत आहेत, मठाला कोणत्या मालावर काय द्यावं त्याच्या. तो लेख कुणा मुकादमाला चांगला सपाट चिरा म्हणून आवडला असता, तर?

पण दगडापेक्षा नाजूक वारसाही असतो. पांझरेकाठची फड पद्धत घ्या. साक्री, धुळ्याकडच्या श्रोत्यांनी आजोबांकडून ऐकलं असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि खालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. प्रत्येकाचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनी मिळून एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटाही सगळ्यांत वाटला जातो. पाणी द्यायला पाटकरी. मालकानं स्वतःच्या हातानं दार उघडायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. तीन-चारशे वर्षं हे चाललं. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला, १८८४मध्ये, धुळ्याला आले आणि त्यांनी पांझरेच्या पाण्यासाठी सायफन बांधला, तेव्हाही हे फड भिजत होते.

पुढं वरच्या अंगाला धरणं झाली. लाटीपाडा, मालनगाव, मग अक्कलपाडा. धरणं हवीच होती, माझंही हेच मत आहे. पण नदीचं वाहतं पाणी जाऊन तिथं आवर्तन आलं, म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सोडलेलं पाणी. बंधारा कुणी फोडला नाही, चिरा कुणी हलवला नाही. फक्त पाणी कधी येणार हे आता पाटकऱ्याच्या हातात राहिलं नाही. वेळच गेली तर पाटकरी कशाला हवा? त्याच्याबरोबर भांडण मिटवायची रीतही गेली. धरणाच्या आराखड्यात 'खालचे फड' असा रकाना असता, तर आवर्तनाचं वेळापत्रक थोडं वेगळं आखता आलं असतं. मोठा खर्च नव्हता त्यात.

सातपुड्यात याहून अवघड. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. नर्मदाकाठचं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्यात गेलं, नवं देऊळ गुजरातेत गोऱ्याला उभं राहिलं. देवळाला दुसरी जागा मिळू शकते. पण ज्यांचा देव म्हणजे अमुक एका वळणावरचा खडक, अमुक झाड, त्यांनी तळोद्याच्या सपाटीवर काय उभारायचं? पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, १९९६चा, आणि आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार त्यानं ग्रामसभेला दिलाय. अनुसूचित क्षेत्रातल्या श्रोत्यांनी हे वाक्य ठरावात जसंच्या तसं घालावं, त्याला वजन आहे.

आता हे आज का बोलायचं? मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा अशी गाडी जाणार, वाटेत तापी ओलांडणार. धुळेकर माणूस वर्षानुवर्षं चाळीसगाव गाठून मोठी गाडी धरत आला. ही रेल्वे आम्हाला हवी आहे, ती अडवा असं मी म्हणत नाही. पण ती ज्या पट्ट्यातून जाणार तो फारुकी सुलतानांच्या थाळनेरचा, सोनगीरच्या किल्ल्याचा, लळिंगाचा पट्टा आहे, आणि नदीकाठ म्हटला की पांढरी आल्याच.

यात एक मेख आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची पाहणी सांगितलीय. त्यात प्रार्थनास्थळं, स्मशानं, दफनभूमी, आदिवासींच्या पारंपरिक संस्थांची जमीन सगळं मोडतं. पण राष्ट्रीय महामार्गांचा आणि रेल्वेचा भूसंपादनाचा कायदा वेगळा, आणि २०१३च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ते दोन्ही बसतात. मोबदला नव्या कायद्याप्रमाणं मिळतो, पण ती पाहणी लागू होत नाही. म्हणजे तुमच्या बांधावरच्या दगडाची गाठ पडणार ती थेट मोजणीवाल्याशीच.

म्हणून मोजणीच्या नोटिशीची वाट बघू नका. गावातल्या दोन पोरांना आणि दोन म्हाताऱ्यांना एकत्र शिवार फिरू द्या. दगड, बारव, पांढर, जुना पाट, जे दिसेल त्याचा मोबाईलवर ठिकाण नोंदवून फोटो काढा, फोटोत माप कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करा. गट नंबर लिहा. गावात त्याला काय म्हणतात ते लिहा, अहिराणीत म्हणत असाल तर अहिराणीतच. ग्रामसभेत ठराव करून एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडं, एक नाशिकला राज्य पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात पाठवा. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथं जाऊन बसा. मोजणीच्या दिवशी ठरावाची प्रत हातात ठेवा आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी शेऱ्याचा रकाना वाचा. तिथं निरंक असेल तर सही करू नका, पुरवणी जोडायला लावा. मोजणीवाला कुरकुर करेल. मीही केली असती. पण एकदा कागदावर आलं की पुढच्या प्रत्येक साहेबाला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि रेघ पाच-दहा मीटर सरकवणं आखणीच्या वेळी जितकं सोपं असतं तितकं पुढं कधीच नसतं.

आणि खोदकामात नाणी-मूर्ती निघाल्या तर घाबरून लपवू नका. १८७८चा जुना कायदा आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवलं तर सापडवणाऱ्याचाही त्यात हिस्सा धरलेला आहे. लपवलं तर मात्र गुन्हा.

त्या बाहेरवळणावरून गेल्या पोळ्याला पुन्हा जाणं झालं. आबा आता नाही. संध्याकाळची वेळ होती, मोरीजवळ गाडी थांबवून मी खाली उतरलो. पिचिंगच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर वर, एका दगडाला ताजा शेंदूर होता. दगड आडवा बसलाय, चंद्र-सूर्य एका अंगाला झालेत. खाली चिखलात बैलांचे खूर उमटलेले होते.